दुसऱ्या अंतऱ्याले काय होते

शाळा बंद, पोट्टे घरी, आन वाद्यवृंद मोबाइलवर. हे वाक्य मी हेडसरच्या तोंडून आयकलं तवा मले वाटलं, माणसाले ताप आला असन. कोरोनाचेच दिवस होते.

मी शेषराव. सोनाळ्याच्या हायस्कूलात बावीस वर्षं झाले, संगीत शिकवून राह्यलो. आमच्या शाळेत वाद्यवृंद हाय. आजूबाजूच्या कोण्या शाळेत नाई, आन हे मी भेटन त्याले सांगतो. दोन पेट्या, चार बासऱ्या, तीन बुलबुल तरंग, ढोलक, साइड ड्रम, मोठा ढोल, खंजिरी आन झांज. चौदा पोट्टे. माही पेटी वेगळी. आमी वाजवतो ते धून माही स्वतःची, मीच बसवली. दर पंधरा ऑगस्टले झेंड्यापुढं तेच वाजते. मी एका हातानं पेटी वाजवतो, दुसऱ्यानं इशारा करतो, आन सारे पोट्टे माह्या हाताकडं पायतात.

तं हेडसर, आमचे शंकरराव, फोनवर म्हणले, "शेषराव, संस्थेच्या बैठकीत ठरलं. ज्याचं काम ऑनलाइन चालू हाय, त्याचेच तास राहतीन. दहा ऑगस्टपर्यंत वाद्यवृंदाचा व्हिडिओ पायजे. सारे एकत्र वाजवतानाचा. नसन तं तुमचे तास गणिताले."

"आन वाद्यवृंद?"

"तासच नाई तं कायचा वाद्यवृंद, बाप्पा?"

एकदा तास गेले का परत कोण देते? वाद्यं कपाटात जातीन, कपाटाले कुलूप लागन, खतम.

वाद्यं घरोघरी नेऊन देलेच होते मी. पयल्या रविवारी सकाळी सारे मोबाइलवर जमले. चौदा चौकोन. एकात नुसतं छत दिसे, एकात कोणाचा तरी कान. मी हात वर केला, "एक, दोन, तीन" म्हणलो आन हात खाली आणला.

अरे काय सांगू! पयले ढोलक आलं. मंग बासऱ्या. मोठा ढोल आला तवा मी अंतऱ्यावर पोचलो होतो. मधातच कोणाच्या तरी घरचा कुकर वाजला आन तो बरोब्बर तालात. माहं डोकं हालून गेलं.

"तुमी झोपेत हा का बे सारे?" मी ओरडलो.

"सर, आमी तुमच्यासंगच वाजवून राह्यलो," एक बासरीवाला म्हणला.

"मी इथं हाओ, तू कुठी हायेस?"

"मी बी इथंच हाओ, सर."

आता याले काय म्हणावं?

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा शेखर हाय, तिशीतला, शांत. त्यानं समजावलं की आवाज प्रत्येकाच्या घरी वेगवेगळ्या वेळेले पोचते, म्हणून असं एकत्र वाजवणं जमतच नाई. मी म्हणलो, मी तं हात एकदाच खाली केला! तो म्हणला, सर, हात बी उशिरानंच पोचते. मले समजलं नाई. मी मान हालवली.

मंग त्यानं रस्ता काढला. मी एकटा पेटीवर धून वाजवून सर्वाईले पाठवायची. पोट्ट्याईनं एका फोनवर ते कानात लावून आयकायची, आन आपलं वाद्य वाजवून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचं. शेखर चौदाही तुकडे माह्या पेटीवर जोडन. दुसरा फोन शेजाऱ्याचा मागा, काकाचा मागा, कोणाचाही मागा.

पाच दिवसात सारे तुकडे आले. शेखरनं जोडून माह्या घरी आणले. सुरुवात झकास. माही छाती फुगली. मंग दुसरा अंतरा आला, आन सारा बाजार उठला. कोणी माह्यासंग, कोणी मांगं, कोणी मधातच बंद पडला. भांड्याचं पोतं जिन्यावरून सोडल्यासारखं.

"याईचे फोनच भंगार हायेत," मी म्हणलो.

शेखर म्हणला, "सर, फोनचं असतं तं पयलेपासूनच बिघडलं असतं. दुसऱ्या अंतऱ्यालेच काऊन?"

मले काय मालूम! मी ग्रुपवर मोठा मेसेज टाकला. लक्ष नाई, रियाज नाई, बावीस वर्षात असे पोट्टे पायले नाई, वाद्यवृंद बुडाला तं तुमच्यापायी बुडन, असं सारं लिहिलं. चौदा जणांईनं हात जोडलेले चित्र पाठवले. पुन्हा तुकडे आले. पुन्हा दुसऱ्या अंतऱ्याले तेच. तिसऱ्यांदाही तेच. शाळेत हेच पोट्टे, हेच धून, एकदाही बिघडलं नव्हतं. आन घरी बसून काय होते? मी रोज पेटी काढून तो अंतरा वाजवे. मले तं बरोबर वाटे.

सात ऑगस्टले शेखर आला. चपला काढता काढता थांबला, मंग आत आला.

"जमलं, सर."

"जमलं? सारं?"

"सारं. पण एक गोष्ट हाय." त्यानं लॅपटॉप उघडला. "हे तुमच्या पेटीसंग आयका."

तेच. भांडे, जिना.

"आता आयका." त्यानं एक बटण दाबलं. चौदा पोट्टे, पयल्या सुरापासून शेवटल्यापर्यंत, एका दमात. दुसरा अंतरा असा सुटला की माह्या अंगावर काटा आला.

"काय केलं तू?"

तो लॅपटॉपकडं पाहूनच बोलला, "तुमची पेटी बंद केली, सर."

मी हासलो. मले वाटलं, मस्करी करून राह्यला. तो हासला नाई. मंग मी चिडलो. ज्या पेटीवर पोट्टे वाजवून राह्यले तेच काढून घेतली, तं हे कोणावर जमले? चौदा जण, चौदा घरं, एकमेकाले दिसत नाई, आयकू येत नाई! शेखर म्हणला, त्याईच्या कानात दुसरं कायतरी असन, सर. झांजवालीले इचारा. सगळे तिच्याशी तंतोतंत जुळतात.

झांजवाली म्हणजे संजीवनी, नववीतली. तोंडातून शब्द काढत नाई ते पोट्टी. झांज तं मी तिले देली होती कारण झांजेले फार काय यावं लागत नाई, असं माहं मत.

मी गाडी काढली आन तोंडाले रुमाल बांधून थेट तिच्या घरच्या वांग्याच्या वावरात गेलो. ते आन तिची माय वंदना वांगे तोडून राह्यल्या होत्या. वंदना बी माही विद्यार्थिनी, माह्या पयल्या बॅचची. मले पाहून तिनं पदर सावरला.

"संजे," मी म्हणलो, "पोट्ट्याईच्या कानात काय हाय?"

पोट्टी रडायलेच लागली. "माही झांज, सर. तिसऱ्या खेपेले मी रेकॉर्ड करून सर्वाईले पाठवली. तुमी म्हणले वाद्यवृंद आमच्यापायी बुडन, म्हणून पाठवली."

"आन माही पेटी?"

ते मायकडं पाहे.

"बोल न बे. मी खाऊन टाकणार नाई तुले."

"तुमी दुसऱ्या अंतऱ्याले पळता, सर."

"कोण पळते?"

"तुमी. तुमाले तो अंतरा लय आवडते, म्हणून पळता. काहीजण तुमच्या मांगं पळाले, काहीजण थांबले, म्हणून बिघडे."

"मंग शाळेत काऊन बिघडत नाई? शाळेतही मीच असतो!"

आता वंदना बोलली. हातातलं वांगं टोपल्यात ठेवून बोलली. "सर, राग मानू नका जी. शाळेत कोणी तुमच्यासंग वाजवतच नाई. नवीन पोरगा वाद्यवृंदात आला का मोठे पोरं त्याले पयल्याच दिवशी सांगतात, डोळे सरच्या हाताकडं, कान झांजेकडं. तुमची पेटी पुढं जाते, मंग ध्रुपदाले तुमी परत येता. तवापर्यंत झांज धरून ठेवते. आमच्या वेळेपासून असंच हाय."

"तुमच्या वेळी झांज कोणाकडं होती?"

"माह्याकडं," ते म्हणली.

बावीस वर्षं! दरसाल चौदा पोट्टे माह्या हाताकडं टक लावून पायत, आन एकाच्याही कानात मी नाई. आन कोण्या पोट्ट्यानं तोंडातून ब्र काढला नाई. हे माया होती का माही फजिती, मले समजे ना. मले राग आला, लाज वाटली, आन त्याच्यात कुठंतरी हासूही आलं. मी तसाच गाडीवर बसलो. वंदनानं वांग्याची पिशवी हँडलले अडकवून देली, ते मले घरी गेल्यावर दिसली.

रात्रभर कायले, अर्ध्या तासात ठरवलं. शेखरले फोन केला, "माही पेटी बंदच ठेव, माहा चौकोन बी काढ. तसाच पाठवून दे."

"आन सर, तुमी? तुमी दिसलेच नाई तं हेडसर इचारतीन."

"सांग, सर रेंजमध्ये नव्हते."

व्हिडिओ गेला. दहा तारखेले शंकररावाचा फोन आला. तास राह्यले. वाद्यवृंद राह्यला. "वा शेषराव, काय तयारी करून घेतली पोराईकडून!" ते म्हणले. मी हो हो केलं. खरं सांगायले तोंड उघडलं होतं, पण उघडंच राह्यलं.

दुसऱ्या दिवशी मी संजीवनीले मोबाइलवर बोलावलं. एकटीलेच. एका चौकोनात ते, एकात मी.

"मी वाजवतो," मी म्हणलो. "तू फक्त आयक. पळालो का सांग."

"मी कशी सांगू, सर?"

"जशी वांगे तोडते तशी. सरळ."

मी पेटी ओढली. पयला अंतरा झाला. ध्रुपद झालं. दुसरा सुरू केला आन मले तं सारं बरोबरच वाटून राह्यलं होतं, देवाशप्पथ.

"सर," फोनमधून बारीक आवाज आला, "थांबा."

मी भाता सोडून देला. बावीस वर्षात पयल्यांदा कोणी मले थांब म्हणलं होतं. माहे डोळे भरून आले, ते तिले दिसले असतीन तं दिसो.

"पुन्हा घ्या, सर," ते म्हणली. "सावकाश."