होय, मी कुत्र्यांचा सोफा

मी एक जुना सोफा आहे. जुना म्हणजे चांगलाच जुना. कापड विरलेलं, एक पाय विटेवर टेकवलेला, आणि उजव्या बाजूला बेसावध बसलात तर स्प्रिंग टोचेल असा. वासही येतो मला. कुत्र्यांचा येतो, त्यात लपवायचं काय? मित्रांनो, कुणाला नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी माफीबिफी मागणार नाही. आधी माझी गोष्ट ऐका, आणि मग सांगा लाज कुणाला वाटायला हवी ते.

इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅमच्या बाजूला, कोळशाच्या खाणीला चिकटून आमचं गाव आहे. विल्फ टीझडेल नावाच्या खाण कामगारानं मला आपल्या बायकोसाठी, आदासाठी घरी आणलं. तेव्हा मी काय दिसत होतो म्हणून सांगू! गर्द हिरवं मखमली कापड, आत घोड्याचे केस ठासून भरलेले, हातांवर पितळी खिळ्यांची रांग. गल्लीतल्या बायका दारातून वाकून वाकून बघत होत्या.

आदानं मला पुढच्या खोलीत ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आमच्या गल्लीत हीच रीत होती. घर इवलंसं, चौघं जण स्वयंपाकघरात कोपराला कोपर लावून जेवणार, पण पुढची खोली मात्र बंद. ती चांगली खोली. तिथं पाद्री आला तर बसणार, डॉक्टर आला तर बसणार. हिल्डा आणि मर्टल या दोघी मुलींपैकी कुणी चुकून माझ्यावर टेकली की आदाचा आवाज खणकन यायचा, "उठ! पाहुण्यांसाठी आहे तो!"

पोरी उडी मारून उठायच्या. मला फार वाईट वाटायचं. पण सोफ्याचं कोण ऐकतं?

विल्फची तर गोष्टच निराळी. खाणीतून आला की अंघोळ करून, पायात नुसते मोजे घालून, तो खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. बसायचा कुठला, उभाच असायचा. एकदा धीर करून म्हणाला, "आदा, टेकू का जरा? साबण लावून धुतलंय सगळं."

"तुझ्या पाठीतला कोळसा काही निघत नाही विल्फ. स्वयंपाकघरात बस बघू."

त्यानं उंबऱ्याच्या आत टाकलेला पाय हळूच मागे घेतला, हसला, आणि मागच्या अंगणात गेला. तिथं शेडमध्ये त्याची दोन व्हिपेट कुत्री असायची, लांब पायांची, सडपातळ. रविवारी तो त्यांना मैदानावर शर्यतीला न्यायचा. कुत्र्यांना घरात येऊ द्यायचा तर प्रश्नच नव्हता. जो मला घेऊन आला तोच माझ्यावर कधी बसला नाही. पुढे खाणीच्या धुळीनं त्याची छाती खाल्ली. तेव्हा त्याची शवपेटी माझ्यासमोर दोन स्टुलांवर ठेवली होती. त्या खोलीत तो आडवा झाला तो तेव्हाच.

लोक मात्र कौतुक करायचे, "आदाचा सोफा बघा, अजून कसा कोरा करकरीत!" हीच माझी स्तुती. मला विचाराल तर माझे खरे हाल झाले ते त्याच काळात. स्वच्छ होतो, झाकलेला होतो, आणि कुणाच्याही कामाचा नव्हतो.

आदाही गेली. मर्टल लग्न होऊन शेजारच्या शहरात संसाराला लागली होती. हिल्डानं लग्न केलं नाही, ती शाळेच्या मुलांचं जेवण रांधायची आणि घरात एकटी राहायची. आणि गंमत बघा, ओरडायला आई उरली नाही, तरी हिल्डा स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीतच बसायची! पुढच्या खोलीचं दार बंद ते बंदच.

ते दार उघडलं बिशपनं. बिशप म्हणजे काळा ग्रेहाउंड, शर्यतीत पळून पळून मागचा पाय कामातून गेलेला. शर्यतवाल्यांनी काढून टाकलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेकडून हिल्डानं त्याला दत्तक आणलं. हिल्डा झाडू मारायला दार उघडून आत आली, आणि तिच्या मागून हा लांबलचक प्राणी आत घुसला. माझ्यासमोर उभा राहिला, मला हुंगलं, आणि कुणालाही न विचारता चढला की वर! गोल गोल फिरला, धप्पकन पडला आणि असा सुस्कारा सोडला की माझ्या सगळ्या स्प्रिंगा एकदम बोलल्या.

"उठ! पाहुण्यां..." हिल्डा ओरडली आणि मध्येच थांबली. हातातला झाडू तसाच. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबांना कुणी बसू दिलं नाही. तू बस रे. तू तरी बस."

त्या दिवशी मी सोफा झालो, मित्रांनो.

मग काय, रांगच लागली. पिन नावाची व्हिपेट आली. ती माझ्या कापडाला भोक पाडून आत डोकं खुपसून झोपते. टर्निप आला, अर्धा ग्रेहाउंड आणि अर्धा देव जाणे काय, अट्टल चोर. ओट्यावरचा हॅमचा अख्खा तुकडा त्यानं माझ्या गादीखाली लपवला होता, वास सुटल्यावर सापडला. डचेस ही सालुकी जातीची, रेशमी कानांची. कुणी धक्का दिला तर ती भिंतीकडे तोंड करून बसते, आणि चौघांनी मिळून तिची समजूत काढावी लागते. संध्याकाळी सगळी मंडळी अंगणातून सुसाट सुटतात. स्वयंपाकघरातून, जिन्याखालून, माझ्यावरून उडी, परत अंगणात! हिल्डा ओरडते, "अरे मेल्यांनो, कप! माझा कप!" मग पाच मिनिटांत सगळी गार. उताणी, चारी पाय वर, जिभा बाहेर. माझ्यावर हिल्डाला तसूभर जागा उरत नाही. ती खाली जमिनीवर, माझ्या अंगाला पाठ टेकून चहा पिते. फाटलो, मळलो, माझे पितळी खिळे पिननं चावून काढले. काढू देत!

आणि मग आला फ्लिंट. पट्ट्यापट्ट्यांचा ग्रेहाउंड, कानात शर्यतवाल्यांनी गोंदलेले आकडे, नजर कायम जमिनीकडे. त्यानं जन्मात घर पाहिलं नव्हतं. काचेच्या दारावर जाऊन आपटला. जिना बघून थरथर कापला. टीव्हीत माणूस बोलला तर टेबलाखाली गेला. रात्री झोपायचा तो दारामागे, गार फरशीवर. हिल्डा मला थोपटून म्हणायची, "ये रे पोरा, ये." तो यायचा, एक पाय माझ्यावर ठेवायचा, आणि लगेच मागे घ्यायचा. तो पाय मी ओळखला. विल्फचा पाय उंबऱ्यातून असाच मागे जायचा.

फ्लिंट अजून आमचा नव्हता. 'आधी ठेवून बघा' म्हणून आलेला. संस्थेच्या डॉड्सबाई शनिवारी घर बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर तो राहणार, नाही म्हटलं तर परत पिंजऱ्यात. एवढ्या घाबरट कुत्र्याला दुसरं घर कोण देणार होतं?

अशा वेळी मर्टलबाई आल्या. मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं हिल्डा, हे काय ध्यान! ती बाई हे बघणार? आई असती तर परत मेली असती."

"त्यांना आवडतो गं तो."

"कुणाला? कुत्र्यांना? घर कुणाचं आहे, तुझं की त्यांचं? तुला तो भित्रा हवाय ना? मग घर घरासारखं दिसू दे. माझा सोफा आणते मी, दोन दिवस वापर."

हिल्डा पडली आईच्या तालमीतली. घर बघायला कुणी येणार म्हटल्यावर चांगली खोली दाखवायची, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं मान डोलावली. मर्टलच्या नवऱ्यानं गाडीतून सायीच्या रंगाचा एक सोफा आणून ठेवला. त्यावर प्लास्टिक होतं हो, प्लास्टिक! मला उचलून मागच्या अंगणात कोळशाच्या कोठीपाशी टाकलं. सोमवारी नगरपालिकेची गाडी मला उचलणार होती. मला स्वतःचं काही वाटलं नाही, लाकूडच मी. पण फ्लिंटनं तो एक पाय आता कुठे ठेवायचा?

शनिवारी पाऊस भुरभुरत होता. मर्टलनं पाचही कुत्री अंगणात काढली आणि दार ओढून घेतलं. पॉलिशचा वास जावा म्हणून खिडक्या तेवढ्या उघड्या होत्या. आमचं घर एवढंसं, की पुढच्या खोलीत चमचा वाजला तर अंगणात ऐकू येतो. डॉड्सबाई आल्या. प्लास्टिक करकरलं.

"केस दिसत नाहीत घरात," डॉड्सबाई म्हणाल्या.

"एकसुद्धा नाही!" मर्टलचा आवाज अभिमानानं फुगलेला.

"पाच कुत्री, आणि एक केस नाही?"

"आमच्या आईचं वळण आहे ते."

"अस्सं. आणि झोपतात कुठे?"

"मागे शेडमध्ये. सोफ्यावर पाय ठेवायची टाप नाही कुणाची!"

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "मग मला वाईट वाटतं हिल्डाबाई, पण फ्लिंट माझ्याबरोबर परत येईल. त्याच्या अंगावर ना चरबी ना दाट केस. शेडमध्ये कुडकुडतच त्याचं आयुष्य गेलंय. तेच परत द्यायला मी त्याला इथं ठेवू?"

इकडे अंगणात बिशप केव्हाच माझ्यावर चढला होता. त्याच्यामागून डचेस, टर्निप, आणि पिन तिच्या भोकात. भिंतीशी फ्लिंट एकटा, भिजत, कापत. त्यानं माझ्यावर एक पाय ठेवला. वाट बघितली. 'उठ' म्हणायला तिथं कुणी नव्हतं. मग दुसरा पाय ठेवला. मी माझ्या सगळ्या मोडक्या स्प्रिंगा मऊ करून ठेवल्या, खरंच सांगतो. बिशप जरासा सरकला. फ्लिंट डाव्या कोपऱ्यात शिरला, घुटमळला, आणि हळूहळू उताणा झाला. चारी पाय आभाळाकडे.

आत हिल्डाचा आवाज चढला. एवढा चढलेला मी कधीच ऐकला नव्हता.

"मर्टल, गप्प बस! डॉड्सबाई, खोटं आहे हे सगळं. हा सोफा माझा नाही, हा वास माझा नाही. माझ्या घरात बटरमध्येसुद्धा केस निघतात! मी स्वतः जमिनीवर बसते, कारण सोफा त्यांचा आहे. माझा सोफा बघायचाय? या!"

दार धाडकन उघडलं. तिघी पायरीवर आल्या आणि तिथंच थबकल्या. हिल्डानं तोंडावर हात ठेवला.

"हा कधीपासून असा झोपतो?" डॉड्सबाईंनी हळूच विचारलं.

"कधीच नाही. आज पहिल्यांदा." हिल्डा ओल्या फरशीवर मटकन बसली आणि माझ्या अंगाला पाठ टेकली.

"अगं, तुझा चांगला स्कर्ट!" मर्टल किंचाळली.

"गेला खड्ड्यात स्कर्ट!"

डॉड्सबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझं विरलेलं कापड, पिनचं भोक, चिकटलेले केस, सगळं बघितलं आणि त्या खदखदून हसल्या. तेवढ्यात टर्निपनं त्यांच्या हातातलं बिस्किट पळवलं. "राहील हो फ्लिंट," त्या म्हणाल्या. "पण हा सोफा आधी आत घ्या. भिजतायत सगळे."

तिघींनी पदर खोचावेत तशा बाह्या वर केल्या. चार कुत्री उतरली, फ्लिंट काही हलेना. मर्टलनं कमरेवर हात ठेवले आणि खणकन ओरडली, "उठ!"

अगदी आदाचा आवाज. फ्लिंट दचकला, पालथा झाला आणि एक पाय खाली घेतला. डोळे जमिनीवर.

मर्टलचा चेहरा उतरला. तिला आपलाच आवाज ऐकू आला असावा. ती खाली वाकली. ज्या बाईनं कधी कुत्र्याला बोट लावलं नव्हतं, तिनं त्याचा तो पाय उचलून परत माझ्यावर ठेवला.

"नाही रे. बस. बस तू." मग हिल्डाकडे न बघता म्हणाली, "बाबा असेच पाय मागे घ्यायचे ना गं?"

"हो."

"मला वाटायचं, त्यांना बसायचंच नसतं."

फ्लिंटला वर ठेवूनच त्यांनी मला आत नेलं. दोनदा टेकवलं, दारात अडकवलं, डॉड्सबाईंनी अशा काही शिव्या दिल्या की पाद्री असता तर पळाला असता. माझा एक पाय मोडला. विटेवरचा पाय तोच.

सोमवारी नगरपालिकेची गाडी आली. दारातल्या माणसानं विचारलं, "जुना सोफा न्यायचाय ना?"

हिल्डानं पुढच्या खोलीचं दार सताड उघडलं. "ने की. पण आधी त्यांना उठवून दाखव."

त्यानं आत डोकावून बघितलं. पाच जणांनी एकेक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं आणि मिटला. तो टोपी सारखी करत निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगायला हवं ना? पुसा, झाका, जपा? मुळीच सांगणार नाही! त्या सायीच्या सोफ्यावर अजून प्लास्टिक आहे, आणि मर्टल हल्ली रविवारी इथं येऊन हिल्डाशेजारी जमिनीवर बसते. काळजी घ्यायचीच असेल तर जरा दाराकडे बघत जा. कुणीतरी तिथं उभं असतं, नुसते मोजे घालून, एक पाय आत आणि एक बाहेर. त्याला आत बोलवा, बसू द्या. मी मोडलो तर मोडलो.