मानातीचा डोह

"नुसतं कासिल्दा म्हणून ओरडलो ना, तर कुत्रंसुद्धा फिरकणार नाही मातीला," भोंगा म्हणाला. "टोपणनाव घालू दे, गाढवा."

"नाही घालायचं."

"अरे, पण कोण मेलं ते लोकांना कळायला नको?"

"पूर्ण नाव सांग. कासिल्दा रिवेरा सांताना. बास." एवढं बोलून एलादियोनं गाडीच्या खिडकीवरचा हात काढून घेतला.

भोंगा वाडीत मयताची वर्दी द्यायचा. छपरावर दोन कर्णे बांधलेली त्याची गाडी प्रत्येक वळणावर थांबे, मेलेल्याचं खरं नाव घेई आणि लगेच पुस्ती जोडी, 'म्हणजेच आपल्या सगळ्यांचा अमका'. ही पुस्ती ऐकल्यावरच लोक हातातलं काम टाकून रस्त्यावर येत. बेटावरच्या युंके डोंगराच्या जंगलाला टेकलेल्या त्या वाडीत खरी नावं फक्त बाप्तिस्म्याला आणि पोलिसांना लागत. एरवी लंगड्याला हरीण म्हणायचं, तोतऱ्याला पाद्री म्हणायचं आणि त्यानं रागावायचं नाही, हा तिथला शिष्टाचार. एलादियो तरुणपणी केळीचे घड पाठीवर वाहून आणायचा, म्हणून तो गाढव. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

कासिल्दाला मात्र नाव चिकटलं नव्हतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तुरीच्या दाण्यांचा भात ती असा करी, की तळाच्या खरवडीसाठी पोरं मारामाऱ्या करत. तिला नाव ठेवायचा प्रयत्न जो करी त्याच्या ताटात खरवड पुन्हा कधी पडत नसे. त्यामुळे साऱ्या वाडीची ती नुसती 'बाई' होती. या गोष्टीचा तिला भारी तोरा. "तुमच्या त्या भोंग्याला माझ्या वेळी पुस्ती सापडायची नाही," असं ती चारचौघांत सांगे.

नोकरी संपली आणि अर्धांगाच्या झटक्यानं तिचे पाय गेले. एका जागी बसून अंग सुटलं. मग दर रविवारी, उजाडता उजाडता, एलादियो तिला पाठीवर घेऊन जंगलात जाऊ लागला. पुलाजवळच्या डोहावर गावोगावची गर्दी असे. तिकीट नाही, पहारा नाही, तेव्हा ती असायचीच. तो तिला वरच्या डोहावर नेई. तिकडची वाट नेच्यांत लपलेली होती आणि त्याच्याखेरीज कुणी ती वापरत नव्हतं. वाटेवरचा दुसरा दगड निसरडा होता, तिथं तो दर वेळी सांगे, "घट्ट धर." पाण्यात उतरली की तिचे पाय आपोआप वर येत, सुटे होत, हलत. "बघ म्हाताऱ्या, चालतेय मी," असं म्हणून ती हसे. आठवड्यातून एकदाच हसे, पण डोंगराला ऐकू जाईल असं.

ते हसू एलादियोनंच घालवलं. त्याच्या वाडीत वाट विचारणाऱ्याला हातानं दिशा दाखवत नाहीत, सोबत जाऊन पोचवतात. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. सान हुआन शहरातून आलेली दोन तरणी पोरं त्याच्या ओसरीवर कॉफी प्यायली.

"आजोबा, गर्दी नसलेला एखादा डोह तुमच्यासारख्यालाच ठाऊक असणार," असं पोरं म्हणाली, आणि म्हातारा फुगला. त्यानं त्यांना वर नेलं, दगड दाखवला.

निघताना एवढंच सांगितलं, "रविवारी सकाळी तेवढं येऊ नका, माझी बायको पोहते."

पोरं नेमकी रविवारी सकाळी आली. नेच्यांआड बसून त्यांनी चित्रफीत काढली. वाकलेला म्हातारा, त्याच्या पाठीवरून पाण्यात घसरणारी म्हातारी, वर तरंगणारे गोरेफटक पाय, ते हसणं, सगळं आलं. खाली लिहिलं, 'फुकट डोह, फुकट तमाशा. गाढवानं मानाती उतरवली.' मानाती म्हणजे खाडीत चरणारी, अंगानं अवजड, समुद्रातली गाय. मिगदालियाच्या दुकानात ती फीत डॉमिनोच्या टेबलावर हातोहात फिरली. खरवडीसाठी हात पसरलेली पोरं आता पोटं सुटलेले बाप्ये झाली होती. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. इतक्या वर्षांनी बाई सापडली होती.

मग फाटकाशी गाड्या थांबू लागल्या. "काका, मानातीचा डोह कुठं?" खिडकीशी बसलेल्या कासिल्दाला प्रत्येक शब्द ऐकू जाई. जन्मात पहिल्यांदा एलादियो म्हणाला, "ठाऊक नाही." त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण फोनच्या नकाशावर डोहाला तेच नाव पडलं होतं.

"चल ना," दर रविवारी तो तिच्यापुढं पाठ करून बसे.

"ऊठ. गाढवासारखा बसू नकोस," ती म्हणे. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात तिनं तो शब्द त्याला कधी वापरला नव्हता.

त्यानं अंगणात प्लास्टिकचा मोठा टब आणला, पाणी भरलं. त्यात तिचे पाय तळाला टेकून राहिले, हलले नाहीत. "मानाती टबात मावत नाही, म्हाताऱ्या," ती म्हणाली. त्याला रडू फुटलं. तिनं ते बघितलं आणि मान फिरवली. पुढे ती अंथरुणातून उठलीच नाही. शेवटी शेवटी फक्त एकच धोशा होता. "कर्ण्यावर ते नाव आलं, तर पेटीतून उठून तुला बुडवीन. शपथ घे." त्यानं घेतली.

भोंग्याची गाडी सकाळपासून फिरली. दुकानावरून गेली तेव्हा डॉमिनो खेळणाऱ्यांपैकी एकानं शेजाऱ्याला विचारलं, "कोण गेलं रे?"

"कुणी कासिल्दा."

"आपल्यातली नाही," म्हणून एकानं पुढची सोंगटी लावली.

मयताच्या हॉलमध्ये एलादियोनं भाड्याच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. चर्चमधला खरा पाद्री आला, पोन्सेहून तिची बहीण आली. बराच वेळ गेला. कॉफीवर साय धरली. मग दाराशी मिगदालिया दिसली. बर्फ पोचवायला निघाली होती, बाहेर एलादियोची गाडी बघून आत डोकावली होती.

"मेल्या गाढवा! मानाती गेली आणि बोलला नाहीस? अख्खी वाडी लोटली असती!"

"सांगितलं की. सकाळपासून कर्णा ओरडतोय."

"तो कुणी कासिल्दा म्हणत होता!" ती पेटीपाशी आली आणि तिचा आवाज एकदम उतरला. "शाळाभर हिच्या हातचं जेवले मी. आम्ही बाई म्हणायचो रे. नाव कधी विचारलंच नाही." तिनं डोळे पुसले, बर्फाच्या ओल्या हातांनी. "थांब. दुकानावर नुसती एक हाक मारते. दोन मिनिटांत हॉल भरेल."

एलादियोनं रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. हॉल भरलेला बघायची त्याला फार इच्छा झाली. तिच्या भातावर वाढलेले ते सगळे दांडगे बाप्ये टोप्या काढून उभे राहिलेले बघावेत असं त्याला मनापासून वाटलं.

"काय म्हणून हाक मारशील?" त्यानं विचारलं.

दाराकडे निघालेली मिगदालिया थबकली, मागं फिरली. ती मागच्या रांगेत जाऊन बसली. बाहेर तिचा बर्फ वितळत राहिला.

दफनभूमीची वाट दुकानावरूनच होती. पुढं भोंग्याची गाडी, त्यात त्याच्या शेजारी एलादियो. मागं पेटी, आणि तिच्यामागं मिगदालियाची छोटी गाडी.

"शेवटचं विचारतो," भोंगा हलकेच म्हणाला. "अजून वेळ आहे. आताही येतील."

"नाव घे," एलादियो म्हणाला. "पूर्ण."

भोंग्यानं माइक तोंडाशी धरला. "कासिल्दा रिवेरा सांताना," कर्णा ओरडला, आणि पुस्तीशिवायच थांबला. मग पुन्हा तेच नाव. डॉमिनोच्या टेबलावरून कुणीतरी वैतागून हात हलवला, आवाज कमी कर म्हणून.

एलादियोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "अजून एकदा घे," तो म्हणाला.