गावादेखत दिलेलं मत

आमच्या व्हर्जिनियात मत तोंडाने द्यायचं. शेरीफ नाव पुकारणार, माणूस गावादेखत बोलणार, कारकून लिहून घेणार. मर्दांची रीत म्हणे! बायकांना विचारतंय कोण?

१८६१ च्या त्या मे महिन्यात सवाल होता, व्हर्जिनियाने देशातून फुटायचं की राहायचं. आमच्या डोंगरातल्या बहुतेकांना राहायचंच होतं. माझ्या नवऱ्याला, इनॉसला, आणि माझ्या धाकट्या भावाला, लीवायलाही. पण कचेरीच्या दारात फुटीर बंदुका घेऊन उभे होते. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकत होते.

"इनॉस टॅकेट!"

"फुटायचं!" इनॉस खणखणीत ओरडला.

लीवाय त्याच्याकडे बघतच राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तो "राहायचं" म्हणाला आणि तसाच नदी ओलांडून देशाच्या बाजूच्या ओहायोत पळाला.

"मनात एक, तोंडात एक?" मी घरी इनॉसवर भडकले.

"घर जाळलं असतं त्यांनी!"

त्याचं खरं होतं. पण त्या दिवसापासून गाव आम्हाला टाळू लागलं. फुटीर म्हणत, एवढ्या जोरात ओरडला म्हणजे नक्की खोटा. बाकीचे म्हणत, विकला गेला. मीही शेजारणीशी तोलूनमापून बोलू लागले.

जूनमध्ये देशाच्या सरकारची फौज नदीच्या अलीकडे आली. "फुटायचं" म्हणालेल्यांना पकडून न्यायला लागली. इनॉस गोठ्याच्या माळ्यावर गवतात लपला. आणि भर दुपारी त्याच फौजेच्या निळ्या कोटातला लीवाय दारात उभा राहिला.

"ताई, दाजी कुठेत?"

"दक्षिणेकडे गेला. तुझं काय काम?"

"नुसतं बोलायचंय."

याला मी कडेवर वागवलेलं. याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. पण 'नुसतं' म्हणताना त्याने नजर चुकवली, आणि मी खोटं तसंच रेटायचं ठरवलं.

त्याने टेबलाकडे पाहिलं. "मग दोन ताटं कशी?"

"एक तुझं. बस, जेव."

तो बसला. मक्याची भाकरी, डुकराचं मांस, सगळं जेवला. बंदूक मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही. मी वाढत होते आणि गोठ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होते. त्याला पटलं की नाही, कळेना.

"येतो, ताई," म्हणत उठला. आणि माझ्यावरची नजर न काढता, माझ्याकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत माझा भाऊ घराबाहेर पडला.