जांभळीचं पाणी

"या पठारावर पाणी न्हाई. चैतातच आटतं," कुशाबानं नकाशावाल्या मुन्शी बदरुद्दीनला सकाळीच सांगितलं होतं, आणि वाटाड्या म्हणून त्याला मुद्दाम डोंगराच्या कोरड्या धारेनं वर आणलं होतं.

काय करणार बापडा! पल्याडच्या खोऱ्यातला झरा तीन सालांमागं नकाशात चढला, अन् पुढल्याच साली त्याच्याभोवती राखीव रानाच्या हद्दीचे दगडी बुरूज उभे राहिले. गुरं आत शिरली की कोंडवाडा. कुशाबाच्या अठरा म्हशी वैशाख काढत होत्या त्या याच पठारावर, करवंदीत लपलेल्या जांभळीच्या झऱ्यावर.

भर दुपारी तिपाईवर मांडलेल्या नकाशाच्या फळीआडून बदरुद्दीननं विचारलं, "मग म्हशी काय नवसावर जगतात, बाबा?"

"खाली नेतो राव. लई लांब."

"आमच्यापेक्षा धट्ट्या आहेत," मोजणीचं निशाण धरणारा तय्यब हसला, आणि हसता हसता मटकन बसला. ओठ पांढरे, डोळे फिरलेले. घाम केव्हाच थांबला होता.

बदरुद्दीननं पखाल पिळली. थेंब नाही. "खाली उतरायला?"

"दोन तास."

"तोवर हा राहायचा नाही."

कुशाबानं करवंदीच्या जाळीकडं पाहिलं. कीर्तनात मान डोलावणारा माणूस तो. नाम वाटून सरत नाही हे त्याला पाठ होतं. पण पाणी सरतं. आणि त्या डोंगराची रीत अशी, की ज्याला पाणी द्यायचं त्याला झऱ्याचं नाव सांगूनच द्यायचं. बिननावाचं पाणी म्हणजे देवाघरची चोरी.

तय्यबचा हात गळून पडला. कुशाबा दुधाची चरवी घेऊन करवंदीच्या जाळीत पळाला. परतला तेव्हा चरवी पाण्यानं डचमळत होती.

"जांभळीचं पाणी हाय, लेकरा. पी."

तय्यबनं डोळे उघडले. बदरुद्दीननं निळी शिसपेन उचलली. "कुठं?"

कुशाबानं बोट दाखवलं. कागदावर निळा ठिपका पडला. संपलं, असं वाटलं त्याला. पण मुन्शीनं काळी पेन्सिल घेऊन गावापासून झऱ्यापर्यंत तुटक रेघ ओढायला घेतली.

"ह्ये काय?"

"गुरांची वाट. झरा एकटा दिसला की कुणीही बुरूज घालतं. वाट असली तर गावाला विचारावं लागतं. वरचे साहेब ऐकतील का, ते माझ्या हाती नाही."

"पल्याडच्या झऱ्याला का न्हाई काढली?"

"कुणी दाखवलीच नाही. तिथंही सगळे पाणी नाही म्हणाले. आम्हाला झरा दुर्बिणीतून दिसला."

कुशाबानं त्या तुटक रेघेवर वाकून पाहिलं. मग काठी उचलून म्हणाला, "ती रेघ चुकतीय, मुन्शीजी. वाट तिथनं न्हाई, खिंडीतनं येती. पोराला सावलीत निजू द्या. उन्हं कलली की चला, मी म्होरं चालतो."