ड्रायरला न दचकणारी

“एवढा भोंगा कानाशी वाजतोय आणि पोर पापणीसुद्धा हलवत नाही, हे काही बरं नाही हो. कुणाला तरी दाखवा.”

काकूंनी वहिनीच्या मांडीवरच्या लेकीकडे आणि चालू ड्रायरकडे बघत असं म्हणताच वहिनीनं नणंदेकडे पाहिलं, नणंदेनं वहिनीकडे पाहिलं, आणि दोघींनी ओठ दाबून हसू गिळलं. वहिनी म्हणजे या घरची सून. नणंद दिवसातून शंभरदा तिला त्याच नावानं हाक मारायची, म्हणून आपणही तेच म्हणू. काकू या तिच्या चुलत सासूबाई. खालच्या मजल्यावर राहायच्या, पण त्यांचा जीव कायम वरच्या मजल्यावर. इशारे देणं हेच त्यांचं आयुष्यातलं काम. पंख्याखाली झोपलं की मान वाकडी होते. केळं खाल्लं की छाती भरते. ओल्या केसांनी बाहेर पडलं की नजर अधू होते. कुरळे केस ड्रायरनं वाळवले की चाळिशीत टक्कल पडतं, आणि उशीखाली मोबाइल ठेवला की त्याच्याही आधी. अशा बाईनं आणखी एक इशारा दिला तर तो कोण मनावर घेणार? वहिनी तर कॉलेजात रीतसर विज्ञान शिकलेली.

“काकू, तिला सवय झालीय आवाजाची,” ती म्हणाली. “शांत स्वभाव आहे तिचा.”

“स्वभाव सव्वा वर्षात कळतो होय? मला तर तुमच्या काकांचा अजून कळला नाही.”

नणंदेचा धंदा केसांचा. तिनं पदवी घेतली एका विषयात, नोकरी केली दुसऱ्यात, आणि शेवटी कुरळ्या केसांच्या बायकांना ‘स्वतःला स्वीकारायला’ शिकवू लागली. हे स्वीकारणं काही साधंसुधं नव्हतं. आधी केस धुवायचे, मग ओलेच ठेवून त्यांना क्रीम चोपडायचं, त्यावर जेल, मग टॉवेल नाही, तर जुना सुती टी-शर्ट डोक्याला गुंडाळून बसायचं. त्यानंतर ड्रायरच्या तोंडाला डिफ्यूझर लावायचा. डिफ्यूझर म्हणजे बोटं फुटलेला वाडगा. मान खाली घालून एकेक झुपका त्या वाडग्यात झेलायचा, अलगद टाळूपर्यंत न्यायचा आणि तिथंच धरून ठेवायचा. हलायचं नाही. केसांना हात लावायचा नाही. डोकं जरा हललं की कुरळे सुटतात, केस पिंजल्यासारखे होतात आणि सगळी मेहनत पाण्यात. एवढं करून डोकं वाळतं तेव्हा ते वाळलेल्या डिंकासारखं कडक झालेलं असतं. मग तेलाचा थेंब हाताला लावून ते चुरगाळायचं, म्हणजे बाई जन्माला आली तेव्हा जशी होती तशी पुन्हा दिसू लागते. याला नणंद ‘केसांचा प्रवास’ म्हणायची.

“केस कुठं निघालेत गं प्रवासाला?” काकू विचारायच्या. “जाऊन येतात का तिकडेच राहतात?”

तर या प्रवासात न हलणारं डोकं म्हणजे सगळ्यांत मोठा गुण. मोठ्या बायका चुळबुळ करायच्या. कुणाला मान दुखायची, कुणाला फोन बघायचा असायचा. पण वहिनीची लेक! स्प्रिंगांची टोपी घातल्यासारखे तिचे केस. मांडीवर बसवा, मंद वाऱ्यावर ड्रायर चालू करा, बाईसाहेब गढून गेल्यासारख्या स्वतःच्या पायाचा अंगठा बघत बसायच्या. घरात तिचं नाव पडलं शहाणूबाई.

नणंदेनं लगेच तिचा व्हिडिओ केला. ‘जगातलं सगळ्यांत शांत बाळ’ असं वर मोठ्या अक्षरांत. तो लोकांनी भरभरून पाहिला. खाली बदामांचा पाऊस, आणि त्यातच एका बाईनं लिहिलं होतं: ‘माझं पण अगदी अस्संच आहे! शेजारी ड्रायर चालू असला तरी ढिम्म! झोपेतून उठत पण नाही. आपण दोघी भाग्यवान!’ त्यावर वहिनीनं स्वतःच्या हातानं हसरा चेहरा टाकला होता. ती बाई लक्षात ठेवा.

वहिनी निष्काळजी होती असं कुणी म्हणू नये. उलट तिच्या काळजीला घरदार कंटाळलं होतं. बाळाच्या डोक्यावर ड्रायर धरण्याआधी ती वारा मनगटावर घेऊन बघायची. बाटल्या इतक्या उकळायची की त्यांचे आकार बदलले. खोलीत तापमान बघायचं यंत्र होतं, आणि यंत्र बरोबर दाखवतं की नाही हे बघायला दुसरं यंत्र होतं. नजर अशी की गालावर डास बसायच्या आत तिला दिसायचा. पण एवढी नजर असून तिला एक गोष्ट दिसली नाही, कारण ती गोष्ट तिला आवडत होती. शेजारणीचं पोर मिक्सर लावला की घर डोक्यावर घ्यायचं. आपलं घेत नाही, हे आपल्या संगोपनाचं फळ, असं तिला मनातून वाटायचं. आपण घरात आवाज चढवत नाही. आपण सगळं वेळच्या वेळी करतो. आपण पुस्तकं वाचलीत. पोर अजून ‘आई’ म्हणत नव्हती, ते सोडून द्या. नवरा म्हणाला होता, “मी पण उशिराच बोलायला लागलो.” आणि तो अजूनही जेवढं बोलतो ते बघता हे पटण्यासारखं होतं.

मग तो रविवार आला. नणंदेचा वर्ग त्या दिवशी यांच्याच बैठकीच्या खोलीत भरला. डोक्याला टी-शर्ट गुंडाळलेल्या बायका भिंतीकडेनं बसलेल्या, जणू एखादी पराभूत फौज. शहाणूबाई मधोमध चटईवर, सगळ्यांकडे पाठ करून, चटईच्या भोकात बोट घालण्याच्या कामात. नणंद मान उलटी करून दाखवत होती. “झुपका झेला. वर न्या. आता थांबा. श्वास घ्या.” श्वास घेण्याचेही ती पैसे घ्यायची. तेवढ्यात एका बाईचा पाय वायरीत अडकला आणि टेबलावरचा दुसरा, मोठा ड्रायर चालू अवस्थेत फरशीवर आदळला. वाडगा फुटला, तुकडे उडाले, मोटार कर्कश किंचाळायला लागली. बायका ओरडल्या. एकीनं छाती धरली. रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

शहाणूबाई भोकात बोट घालत होती.

“बघा!” नणंद प्लग खेचत ओरडली. “मी सांगते ना! कोण दचकलं नाही सांगा?”

बायका हसल्या, मग त्यांनी आणि नणंदेनंही टाळ्या वाजवल्या. पोरीनं टाळ्यांकडेही पाहिलं नाही. वहिनी सगळ्यांबरोबर हसली, पण हसू आवरून घ्यायची वेळ आली तेव्हा ते चेहऱ्यावरून निघेना. तिनं दाराकडे पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बोलायला जागा होती आणि त्या बोलल्या नाहीत, हेच वहिनीला बोचलं.

बायका आपापले कुरळे सांभाळत गेल्यावर तिनं लेकीला आतल्या खोलीत नेलं, कपाटाकडे तोंड करून बसवलं, आणि मागून ड्रायर चालू केला. पोर वळली आणि खुदकन हसली.

वहिनीचे डोळे भरून आले. “शहाणू माझी ती,” ती म्हणाली, आणि काकूंना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. पण तिची ती मेली नजर! वळण्याआधी पोरीच्या मानेवरची एक बट उडालेली तिनं पाहिली होती.

तिनं डिफ्यूझर काढून टाकला. ड्रायरचं तोंड पडद्याकडे फिरवलं. सावली दुसऱ्या बाजूला पडेल अशी उभी राहिली, पायाखाली सतरंजी घेतली, आणि बटण शेवटपर्यंत सरकवलं. पडदा छतापर्यंत उडाला. पोर कपाटाच्या कडीशी खेळत राहिली. तिनं हाक मारली. मोठ्यानं मारली. मग ज्या घरात आवाज चढत नाही असा तिला अभिमान होता त्या घरात ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

दार उघडलं. बाहेरचा उजेड कपाटावर पडला, आणि पोर वळून बापाकडे बघून हसली.

“काय झालं ओरडायला?” नवरा म्हणाला.

“तिला ऐकू येत नाही.”

“काहीतरीच. आत्ता वळली की! मी आलेलं ऐकलं तिनं.”

“तू काय बोललास आत येताना?”

“काही नाही.”

“मग तिनं ऐकलं काय?”

ड्रायर चालूच होता, तो नवऱ्यानं बंद केला.

पुढचं फार लांबवण्यात अर्थ नाही. आवाज बाहेर जाणार नाही अशी एक छोटी खोली, दोन्ही बाजूंना दिवे लागणारी खेळणी, आणि काचेपलीकडे बसलेली डॉक्टरीण. आवाज वाढत गेला, वाढत गेला, तो खूप वर गेल्यावर कुठं पोरीनं मान तिरकी केली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं.

“जन्मल्यावर तपासलं होतं,” वहिनी म्हणाली. “सगळं ठीक होतं म्हणून तर...”

“तेव्हा असेलही. ऐकणं नंतर कमी होऊ शकतं. कानाला मशीन लावू, शिकवायला लवकर सुरुवात करू. थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“एका काकूंच्या आलं होतं,” वहिनी म्हणाली. तिच्या पदवीच्या वर्गात असा अवघड प्रश्न कधी आला नव्हता.

घरी बातमी कळल्यावर नणंद रडली. ती वाईट नव्हती, फक्त तिचा मेंदू केसांच्या मुळाशी संपायचा. डोळे पुसून ती म्हणाली, “वहिनी, टेन्शन घेऊ नकोस. हिचे केस जरा वाढव, कानांवर येऊ देत. कुरळे आहेत ना, मशीन झाकून जाईल. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“कुणाला कळलं नाही म्हणूनच तर हे झालं,” वहिनी म्हणाली. तिनं पोरीच्या बटा दोन्ही बाजूंनी मागे ओढून क्लिपा लावल्या. कान उघडे पडले, बिनकामाच्या शोभेसारखे इतके दिवस झाकलेले.

मशीन बसल्यावर काही दिवसांनी नणंद आपल्या सवयीनं आरशासमोर मान उलटी करून बसली आणि तिनं ड्रायर चालू केला. शेजारी खेळणाऱ्या शहाणूबाईचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तिनं असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरून काकू पायातल्या चपलांसकट वर आल्या.

“अगं, बिघडली की गं ही!” नणंद केस तसेच लोंबकळत ठेवून म्हणाली. “किती शहाणी होती!”

“बिघडली होती तेव्हा तू टाळ्या वाजवत होतीस,” काकू म्हणाल्या.

वहिनीनं पळत येऊन पोरीला उचललं. पोर रडत होती, हुंदके देत होती, ड्रायरकडे बोट दाखवत होती, आणि आई तिला थोपटता थोपटता वेड्यासारखी हसत होती. ड्रायर बंद झाला. नणंदेचं अर्धं डोकं वाळलेलं, अर्धं गळत होतं. तशीच ती दिवसभर फिरली.

काकूंचं आता विचारू नका. साऱ्या नातेवाइकांना त्यांनी स्वतः फोन केले, आणि प्रत्येक फोनची सुरुवात “मी म्हटलं होतं” अशी. एकदा खरं ठरल्यावर त्यांनी इशाऱ्यांचा भाव वाढवला. परवा म्हणाल्या, कानात यंत्र घातलं की दात वाकडे येतात. वहिनीला ठाऊक आहे, हे शुद्ध खूळ आहे. तरी ती हल्ली केळं खातानासुद्धा क्षणभर थांबते. काकूंचे नव्याण्णव इशारे फेकून देण्याच्या लायकीचे आहेत, पण कुठले नव्याण्णव, ते त्या काही सांगत नाहीत.

आता राहिली ती बाई. व्हिडिओखाली लिहिणारी. डॉक्टरांकडून आल्या दिवशी वहिनी तिला लिहायला बसली, तर व्हिडिओच नाही. नणंदेनं काढून टाकला होता. “लोक काय म्हणतील,” ती म्हणाली. “मला तो बघवत नाही, आणि धंद्यालाही बरं नाही.” व्हिडिओ गेला तशी त्याखालची ती ओळही गेली. नाव लक्षात नाही. फोटोच्या जागी एक सूर्यफूल होतं, एवढंच आठवतं. नणंदेनं नंतर लाजेकाजेस्तव शोधाशोध केली, पण कुरळ्या केसांच्या भाग्यवान बायकांत सूर्यफुलं ढिगानं निघाली.

वहिनी अजून शोधते आहे. तिच्या नजरेसमोर एक अनोळखी खोली येते. आई मान उलटी करून केस वाळवतेय, शेजारी बाळ निवांत झोपलंय, आणि येणारा-जाणारा म्हणतोय, काय गुणी लेकरू आहे हो! म्हणून तिचं तुम्हाला एकच सांगणं आहे. ते बाळ तुमच्या घरात असेल, शेजारी असेल, बहिणीचं किंवा ऑफिसातल्या मैत्रिणीचं असेल. ते नुसतं शांत असेल, तर फारच छान. पण आज जाऊन बघून या. त्याच्या मागे उभे राहा. सावली पडू देऊ नका, वारा लागू देऊ नका, जमीन हलू देऊ नका. आणि मग त्याला हाक मारा.