जाळलेलं वीख

आमच्या मनुआत्तीच्या हातची मिश्री सगळ्या रहिमतपुरात नावाजलेली होती. आत्ती म्हणजे माझ्या वडलांची बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली. वडील पलटणीत होते, आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली होती, तेव्हा मला तिनंच वाढवलं. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. बायका सकाळी उठून ती दातांना लावतात, आणि एकदा सवय लागली की तिच्याशिवाय त्यांना काही म्हणजे काही सुचत नाही. गल्लीतल्या बाया मिश्री मागायला आत्तीकडंच यायच्या. मागायला आलेल्या बाईला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तिन्हीसांजेला मीठ मागितलं तर शेजारीण नाक मुरडेल, पण मिश्रीची चिमूट कधीही देईल.

आत्तीचा सगळा मान त्या तव्यावर होता. बाकीच्या बाया घाई करतात, तंबाखू अर्धीकच्ची ठेवतात आणि ती लावली की डोकं गरगरतं, असं तिचं म्हणणं. ती स्वतः शेणीच्या, म्हणजे गोवरीच्या, मंद आचेवर तासभर बसायची. धुरानं डोळे लाल व्हायचे, पण हात थांबायचा नाही.

"वीख हाय ते," म्हणायची. "आपल्याच मानसांच्या तोंडात जायाचं, तर जळून जाया नगं?"

१९७८ साली मी सांगलीच्या एका कॉलेजात कर्करोगावर संशोधन करत होते. लोकांना हे ऐकून फार मोठं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात एक खोली, जिवाणू वाढवायची एक उबदार पेटी आणि हवी तेव्हा जाणारी वीज, एवढाच संसार. मला माणसांपेक्षा जिवाणू बरे वाटायचे. ते मध्येच लग्नाचं विचारत नाहीत.

माझं काम असं. प्रत्येक पेशीत डीएनए असतो, म्हणजे ती पेशी कशी जगेल याचा लिहून ठेवलेला मजकूर. त्यातली अक्षरं चुकली, आणि नेमक्या जागी चुकली, तर पेशी वाढायची थांबत नाही. तोच कर्करोग. कुठला पदार्थ ही अक्षरं बदलतो हे ओळखायला अमेरिकेतल्या एका प्राध्यापकानं मला पोस्टानं खास जिवाणू पाठवले होते. या जिवाणूंच्या मजकुरात मुळातच एक चूक होती, त्यामुळं त्यांना स्वतःचं एक अन्न बनवता यायचं नाही. ते अन्न बशीत घातलं नाही की ते उपाशी मरायचे. पण बशीत अक्षरं बदलणारा पदार्थ घातला, तर काहींच्या मजकुरातली ती चूक बदलता बदलता दुरुस्त व्हायची, आणि ते जगून त्यांचे पांढरे ठिपके उठायचे. जितके ठिपके जास्त, तितका पदार्थ वाईट. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दोन दिवसांत बशीवर उमटायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठायचंच विसरले होते.

त्या वर्षी सुट्टीत घरी गेले. आत्ती कशावरून तरी तोंड भरून हसली आणि तिच्या उजव्या गालाच्या आत मला पांढरा चट्टा दिसला.

"आ कर," मी म्हणाले.

"चुना लागला आसंल."

"तू पान कवा खातीस? आ कर म्हणते ना!"

बोट फिरवून पाहिलं. पुसला जाईना. असे चट्टे मी पुस्तकात पाहिले होते, आणि त्यातले काही पुढं कुठं जातात तेही वाचलं होतं. मिश्री सोड म्हणून मी तिच्या अंगावर अक्षरशः ओरडले. ती हसतच राहिली. "आगं, जाळल्यावर वीख ऱ्हातंय व्हय?"

आता कबूल करायला लाज वाटते, पण मनातून मलाही ते पटलं होतं. लहानपणापासून ऐकलेलं, शिवाय जाळल्यावर बरंच काही नाहीसं होतं हे रसायनशास्त्रातही बसतं. मला वाटलं, कच्चीचे ठिपके जास्त येतील आणि पक्कीचे कमी, आणि मग कमी का होईना येतातच, एवढं तिला दाखवता येईल. म्हणून तिच्याकडून तीन पुड्या मागून घेतल्या. एक कच्च्या तंबाखूची, एक अर्धी भाजलेली आणि एक खास तिच्या हातची, कोळशासारखी काळी.

सांगलीत आले, अर्क काढले, बशा पेटीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली.

काहीच न घातलेल्या बशीत वीसेक ठिपके होते. तेवढे आपोआप उठतातच. कच्च्या तंबाखूच्या बशीत थोडे जास्त. अर्ध्या भाजलेल्या तंबाखूच्या बशीत त्याच्या दुप्पट. आणि आत्तीच्या मिश्रीची बशी नुसती भरली होती. आभाळ निरभ्र असताना आमच्या माळावरून चांदणं दिसतं, तशी.

मी चिडले. चिठ्ठ्या उलट्यापालट्या लावल्या असणार म्हणून स्वतःला शिव्या घातल्या आणि सगळं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. बशा तेच सांगत होत्या. आग वीख जाळत नव्हती, आग ते तयार करत होती. जी बाई जितक्या मायेनं जितका वेळ तव्यापाशी बसेल, तितकी तिची मिश्री जास्त वाईट. मला निसर्गाचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्यापुढं हात जोडावेसेही वाटले. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी आत्तीला गाडीत घालून सांगलीला आणलं. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण पेशींची ठेवण बिघडायला लागली होती. "आजपासून मिश्री बंद केली तर चट्टा जाईलही," डॉक्टर म्हणाले. आत्तीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीत बघते तर बाई मिश्री लावत बसलेली! पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी तिला प्रयोगशाळेत नेलं. आधी तिच्या बऱ्या गालाची आतली कातडी काडीनं खरवडली, रंग लावला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"ह्ये काय?"

"तूच हायस. तुझ्या गालातल्या पेशी. मधी काळा ठिपका दिसतोय? त्यात तू अख्खी लिवलेली हायस. तुझं डोळं, तुझं नाक, समदं."

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग डोळा न काढता तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. घरात थोरलं माणूस आलं की करायची तसाच.

मग झाकणबंद बशा तिच्यापुढं मांडल्या आणि जितके ठिपके जास्त तितकं वीख जास्त, एवढंच सांगितलं. तिनं भरलेल्या बशीवर बोट ठेवलं.

"ही कच्ची?"

"न्हाई. ही तुझी. पक्की भाजलेली."

ती रडेल असं वाटलं, पण ती हिशेब लावत होती. आमच्या शेजारी चंद्राबाई राहायची. वीस वर्षं रोज सकाळी ती आणि आत्ती एका पायरीवर बसून एकाच डबीतली मिश्री लावायच्या. दोन वर्षांपूर्वी चंद्राबाईच्या गालाला आतून फोड आला, गाल कुजून आरपार भोक पडलं आणि ती गेली.

"चंद्री माझ्या मिश्रीनं गेली?"

खोटं बोलणं सोपं होतं. "एकट्या मिश्रीनंच झालं, असं कुनालाच सांगता यायचं न्हाई आत्ती," मी म्हणाले.

"म्हंजी, न्हाई झालं आसं बी सांगता यायचं न्हाई."

"न्हाई."

ती उठली आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसली. त्या दिवसापासून तिनं मिश्रीला हात लावला नाही. डोकं दुखायचं, हात कापायचे, चिडून भांडी आपटायची, पण नाही म्हणजे नाही. रहिमतपुरात बाया मिश्री मागायला आल्या की ती दारातच उभी राहून तोंड उघडायची आणि चट्टा दाखवायची. मग म्हणायची, "आता तुजं बघू." बाया घाबरून पदरानं तोंड झाकायच्या, काही चिडायच्या. गल्लीतल्या धोंडुबाईनं तर तिच्याशी बोलणंच टाकलं. उभ्या जन्मात आत्तीच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं, ते आता रोज जाऊ लागलं. तिचा मान गेला, आणि तो जाताना ती बघत होती.

आठ महिन्यांनी मी घरी गेले. तिला उन्हात बसवलं आणि गाल ओढून पाहिला. चट्टा नव्हता. तिथं गुलाबी, मऊ, ओली कातडी होती, लहान मुलाच्या गालासारखी. मी बोट फिरवलं, बॅटरी लावली, पुन्हा पाहिलं. बिघडत चाललेल्या त्या पेशी झडून गेल्या होत्या आणि खालून नव्या आल्या होत्या, नीट ठेवणीच्या. कुणी सांगितलं त्यांना? मी औषध दिलं नव्हतं. दगडासारखी मी, पण माझे डोळे भरून आले.

"गेला गं आत्ती! समदा गेला!"

तिनं माझा हात तोंडातून बाजूला केला. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"एकाच डबीतली मिश्री लावली आमी दोघींनी," ती म्हणाली. "एकच तवा, एकच पायरी. मग तिला न्हेलं आन मला सोडलं, आसं का गं अंजे?"

मी सहा वर्षं याच विषयावर काम करत होते. जगभरची नियतकालिकं वाचत होते. त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न उन्हात बसलेल्या या बाईनं मला विचारला होता, आणि मी तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू शकत होते.

"मला ठावं न्हाई आत्ती," मी म्हणाले. "अजून कुनालाच ठावं न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"मंग हितं काय करतीयास?" ती म्हणाली. "जा, हुडिक जा."