चौदा ऑगस्टचे रीडिंग

नळदुर्गच्या वीज कंपनीत शब्बीर घरोघरचे मीटर वाचायचा. जानेवारी ते जून तो शब्बीर असे आणि जुलै ते डिसेंबर मुनवर.

मुनवर हा त्याचा धाकटा भाऊ. तो हैदराबादला एका बेकरीत पाव भाजत होता आणि चार वर्षांत नळदुर्गला फिरकला नव्हता. पण वर्षातले सहा महिने कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव लागे, आणि पगाराच्या दिवशी शब्बीर त्याच्या नावाने सही करी. ही व्यवस्था हेडक्लार्क नारायणरावांनी बसवून दिली होती. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला नोकरीत कायम करावे लागे. सहा महिन्यांत दीडशेच्या आसपासच दिवस भरत. त्यामुळे कागदावर शब्बीरही कधी कायम होणार नव्हता, आणि मुनवरही.

"नाव कुणाचं का असंना," नारायणराव म्हणत, "पैका तुझ्याच घरात जातोय ना? मग झालं तर."

रोज दीड रुपया मिळे. रविवारचा पगार नाही, आजारपणाचा नाही, ईदचा नाही. मीटर अंधाऱ्या कोपऱ्यात असत, म्हणून टॉर्च लागे, तिचे सेल त्याने स्वतःच्या पैशातून घ्यायचे. गावात दोनशे बारा मीटर होते. प्रत्येक मीटरशेजारी खिळ्याला एक कार्ड टांगलेले असे. त्यावर दर महिन्याची तारीख, आकडा आणि वाचणाऱ्याची सही. तोच आकडा कंपनीच्या वहीत लिहायचा आणि वहीवरून बिल व्हायचे. अठ्ठावन्न सालच्या सप्टेंबरपासून एकाही महिन्याची नोंद चुकली नव्हती.

चौसष्ट सालच्या फेब्रुवारीत कंपनीच्या दारावर नोटीस लागली. कामगार खात्याचे पत्र आल्यामुळे मीटर रीडरची एक जागा कायम होणार होती. महिना पंच्याऐंशी रुपये, हक्काची रजा, फंड. ज्यांचा दावा असेल त्यांनी सहा मार्चला सोलापूरहून येणाऱ्या साहेबांपुढे पुराव्यानिशी हजर राहावे.

शब्बीरने नोटीस दोनदा वाचली आणि आत गेला.

"पुरावा म्हणजे काय, रावसाहेब?"

"हजेरीपट," नारायणराव वर न बघता म्हणाले. "आन् त्यात तू अर्धाच हायेस."

दुसऱ्या दिवशी चौदा तारीख होती. चौदा तारखेला तो मुलींच्या शाळेमागच्या गल्लीत मीटर वाची. तिथे वनमालाबाई एकट्या राहत. त्या शाळेत शास्त्र शिकवत. दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या त्या घरात मीटरचा आकडा त्या स्वतःही दर रविवारी सकाळी एका वहीत लिहून ठेवत. गावात हे दुसरे कुणी करत नव्हते. शब्बीरला आधी वाटले होते, बाई आपल्यावर पाळत ठेवतात. नंतर कळले की त्या घरासमोरच्या लिंबाला पाने कधी फुटली तेही लिहून ठेवतात.

त्याने नोटिशीची गोष्ट सांगितली. बाईंनी ऐकून घेतले.

"कार्डावर तुम्ही सही कुणाची करता, शब्बीरभाई?"

"माझीच की. बारा महिने. साहेब लोक कार्ड कुठं बघत्यात?"

"मग हजेरीपट त्यांच्याकडे आहे आणि कार्डं लोकांच्या घरी आहेत," त्या म्हणाल्या. "साडेपाच वर्षं. सहासष्ट महिने. प्रत्येक महिन्याला तुमची सही."

शब्बीर खिळ्यावरच्या कार्डाकडे बघत राहिला. आपण इतकी वर्षे घरोघर काय टांगत होतो ते त्याला त्या क्षणी कळले.

तीन आठवडे तो जुनी कार्डे गोळा करत हिंडला. वर्ष संपले की नवे कार्ड येई, आणि जुन्याचे लोक काहीही करत. कुणी त्याच्यावर दुधाचे रतीब मांडले होते. कुणी ते माठावर झाकले होते. खालच्या आळीतल्या दगडाबाईंनी सहा वर्षांची सहाही कार्डे चुलीत घातली होती. "मला काय म्हाईत तुझी नोकरी त्यात हाय म्हून?" त्या म्हणाल्या, आणि उगीचच त्याला मूठभर शेंगा दिल्या.

पिठाच्या गिरणीचा मालक गुरुसिद्धप्पा पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायचा. कार्डे मागताच त्याने गिरणी बंद केली.

"का रे, माझं कार्ड घेऊन सोलापूरच्या सायबाला दावणार? आन् त्यो म्हणला, गिरणी येवढी आन् युनिट येवढंच का, तर?"

"मालक, त्याला फक्त माझी सही दावायची हाय."

"तुझी सही दिसंल तसा आकडा बी दिसंल की!" गुरुसिद्धप्पा हसला. गिऱ्हाईक बायकाही हसल्या. मग त्याने फळीवरच्या डब्याखालून चार कार्डे ओढून काढली, त्यांवरचे पीठ झटकले आणि दिली. "कायम झालास की पेढे इथं आदी. न्हाय तर तुझंच पीठ करतो बघ."

सगळी मिळून चारशे सत्तावीस कार्डे जमली. वनमालाबाईंकडे सहाही वर्षांची होती, ओळीने, रबराने बांधलेली. शब्बीरची बायको सकिनाबी हिने ती सगळी वर्षवार लावून जुन्या साडीच्या फडक्यात बांधली. "परमनंट झाला की रजा मिळती ना?" तिने विचारले. "पगारी?" तो हो म्हणाला. तिने पुन्हा एकदा विचारले आणि त्याने पुन्हा हो म्हटले.

पाच मार्चच्या दुपारी वनमालाबाईंनी आपली रविवारची वही आणि आपली कार्डे समोर घेतली. शब्बीरने चौदा तारखेला लिहिलेला आकडा त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या रविवारच्या आकड्यांच्या मधे बसायला हवा. बसला तर तो माणूस त्या दिवशी खरोखर मीटरसमोर उभा होता. त्यांनी तक्ता आखला आणि एकेका महिन्यापुढे खूण करत गेल्या. पासष्ट खुणा झाल्या. एक झाली नाही.

बासष्ट सालचा ऑगस्ट. त्यांच्या वहीत बारा आणि एकोणीस तारखेपुढे लिहिले होते : 'मीटर नाही.' त्यांना आठवले. घरातले सगळे दिवे बंद असतानाही मीटरची चकती फिरत होती, अकरा मिनिटांत एक फेरा. त्यांनी तक्रार केली, आणि नऊ तारखेला फिटरने मीटर काढून तपासणीसाठी सोलापूरला नेला. तो बावीसला परत बसला. आणि कार्डावर होते : चौदा ऑगस्ट, चारशे सोळा, शब्बीरची सही.

त्यांनी त्या ओळीपुढे फुली केली. सहासष्टात एक. त्यांच्या मते हे प्रमाण उत्तम होते. प्रयोगात न जुळलेले एखादे निरीक्षण वहीत तसेच दाखवले म्हणजे बाकीच्यांवरचा विश्वास वाढतो, असे त्या मुलींना दर वर्षी शिकवत.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत साहेब खिडकीजवळ बसले होते. तरुण होते, इंजिनियर होते, आणि सभ्य होते. त्यांनी सोबत आलेल्या वनमालाबाईंना खुर्ची दिली, शब्बीरलाही दिली. तो बसला नाही.

"हा मुनवर कोण?"

"माझा भाऊ, साहेब. हैदराबादला हाय. काम म्याच केलंय. नाव तेवढं त्याचं."

साहेबांनी नारायणरावांकडे पाहिले.

"आता काय सांगावं, साहेब," नारायणराव म्हणाले. "जो येतो तो मुनवर म्हणून येतो. दोघा भावांची तोंडं एकसारखी. आम्ही कचेरीत बसून ओळखायचं कसं?"

"रावसाहेब!" शब्बीर म्हणाला. "मुनवर माझ्याहून वीतभर उंच हाय."

"बसल्यावर उंची दिसत नाही," नारायणराव म्हणाले, आणि शिपाई हसला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी गाठोडे सोडले आणि कार्डे पाहू लागले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, सगळीकडे एकच सही, एकच वळण. पुढे पुढे ते भरभर पाहू लागले. नारायणरावांनी पानाची डबी उघडून बंद केली.

"सही एकाच हाताची आहे, हे मान्य करावं लागेल," साहेब म्हणाले. शब्बीरने टेबलाची कड धरली. "पण ही कार्डं एकाच दिवशी बसून लिहिली नाहीत, हे कशावरून?"

तेव्हा वनमालाबाई उठल्या आणि त्यांनी वही आणि तक्ता पुढे ठेवला. कसे जुळवले ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले. साहेबांना ते लगेच समजले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला.

"फार छान. म्हणजे सगळे आकडे जुळतात?"

"एक सोडून," बाई म्हणाल्या.

साहेबांनी बोट फुलीपर्यंत नेले. वहीतले 'मीटर नाही' वाचले. मग कार्ड पाहिले.

"चौदा ऑगस्टला तुम्ही यांच्या घरी गेला होता का?"

शब्बीरने बाईंकडे पाहिले. त्यात राग नव्हता. हे असे घडू शकते यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता.

"न्हाय, साहेब. त्या आठवड्यात म्या सोलापूरला होतो. मोठ्या दवाखान्यात. बायको अडली होती. पोरगं गेलं, बायको वाचली. रजा मागितली तर रावसाहेब म्हणले, रोजंदारीला रजा नसती. मागच्या महिन्यात जेवढं युनिट जळलं तेवढंच पुढं धरून वही घरी भर. सप्टेंबरात गेलो तवा वहीवरनं कार्डावर उतरवलं. तवर मीटर परत आला हुता. गेला हुता ते मला कुणी सांगितलंच न्हाय."

"मी असं म्हणेन, साहेब?" नारायणराव म्हणाले. "मीटर सोलापूरला गेल्याची पावती माझ्याच सहीची आहे. मीटर नाही हे ठाऊक असताना मी आकडा भरायला सांगेन?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे बघा," ते मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी गेला असाल, तर भिंतीवर मीटर नसताना आकडा आला कुठून? आणि गेला नसाल, तर ही सही तुम्ही तिथं असल्याचा पुरावा कशी?"

"पण उरलेले पासष्ट जुळतात," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"तुमच्या घरचे जुळतात, बाई. बाकी दोनशे अकरा घरी अशी वही आहे का?"

प्रश्न बरोबर होता. बाईंनी तो स्वतःच विचारला असता.

चार दिवसांनी हुकूम आला. ऑगस्ट बासष्टमध्ये हजेरीपटावर मुनवर होता. खोटे रीडिंग त्याच्या कारकिर्दीत झाले, म्हणून मुनवरला कामावरून कमी करण्यात आले. शब्बीरचे कोणत्याही बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरत नव्हते, म्हणून त्याचा दावा नामंजूर झाला, आणि ज्याने दावा केला त्याला पुन्हा रोजंदारीवर घेऊ नये असे तोंडी सांगण्यात आले. कायम जागेवर नारायणरावांच्या साडूचा मुलगा लागला. तो तुळजापूरचा होता. त्याला नळदुर्गातली एकही गल्ली माहीत नव्हती.

तेरा तारखेला नारायणराव स्वतः शब्बीरच्या दारात आले.

"उद्यापासनं फेरी कर," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "पोराला हळूहळू घरं दाखव. चार-सहा महिने तरी लागतील."

"माझं नाव बंद हाय. मुनवरचं बी."

"तुझ्या बापाचं नाव काय होतं?"

"महेबूब. मरून नऊ वर्षं झाली, रावसाहेब."

"मग त्याला दावा करायचा नाही," नारायणराव म्हणाले. "आन् आता कार्डावर बी तीच सही कर. हजेरीपटावर असंल तीच. घोळ नको."

आत सकिनाबी पीठ मळत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

चौदा तारखेला शब्बीर शाळेमागच्या गल्लीत आला. वनमालाबाई दारातच उभ्या होत्या. खिळ्याला नवे कार्ड होते. जुनी कंपनीने ठेवून घेतली होती.

"शब्बीरभाई," त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं की एक चूक आपणहून दाखवली तर..."

"बाई, बाजूला व्हा जरा. उजेड अडतो."

त्या बाजूला झाल्या. त्याने टॉर्च लावली, आकडा वाचला, वहीत लिहिला, मग कार्डावर. सही करायला त्याला वेळ लागला. बापाचे नाव त्याने आजवर कधी लिहिले नव्हते, आणि दोनदा त्याचा हात आपल्याच नावाच्या पहिल्या अक्षराकडे वळला.

"तपासून घ्या," तो म्हणाला.

बाईंनी मीटर पाहिला, कार्ड पाहिले. पाचशे एकोणीस. आकडा बरोबर होता. त्यांनी मान हलवली.

तो गेल्यावरही त्या तिथेच उभ्या होत्या. रविवारी सकाळी त्यांनी वही काढली, मीटरसमोर गेल्या आणि पाचशे वीस लिहिले. मग सवयीने त्यांनी कार्डावरच्या महेबूबच्या आकड्यापुढे बारीक खूण केली. तो जुळत होता.